रंगाच्या बादलीतल्या मिरचीची पानं गोळा होतायत, फुलंही गळतायत

बाल्कनी_ठाणे
नमस्कार मंडळी, जानेवारीत घरातल्याच सुक्या लाल मिरचीचं बी दुधाच्या पिशव्यांत टाकलं होतं, आठ-दहा दिवसांत छान उगवलं, मग दोन रोपं रंगाच्या 10 लिटरच्या बादल्यांत आणि एक तेलाच्या 5 लिटरच्या कॅनमध्ये लावलं. आता एप्रिलमध्ये फुलं येतायत पण दोन दिवसांत गळून पडतात, आणि शेंड्याची कोवळी पानं चुरगळल्यासारखी झालीयेत. बाल्कनी पश्चिमेला आहे, दुपारी एकनंतर कडक ऊन. थोडा युरिया टाकू का? सासूबाई म्हणतात उपटून टाक, पण माझा जीव होत नाहीये.

रानमळा_बारामती
ताई, युरिया अजिबात नको. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो, फूल टिकत नाही आणि लुसलुशीत पाल्यावर कीड अजून तुटून पडते. याला आमच्याकडे चुरडा-मुरडा म्हणतात, कुणी बोकड्या म्हणतं. आधी पान नीट बघा. कडा वर वळून वाटीसारखं झालं असेल तर फुलकिडे, खाली वळून उलट्या होडीसारखं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड). शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, फुलकिडे असले तर पिवळसर बारीक काहीतरी पळताना दिसेल. पण पानं अगदी बारीक राहिली आणि झाडच खुंटलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्याला औषध नाही, तेवढं रोप मात्र उपटाच, नाहीतर बाकीच्या दोघांनाही लागेल.

बाल्कनी_ठाणे
झटकून बघितलं दादा!! वाटीसारखीच आहेत आणि पिवळे किडे पळत होते. झाडं उंच आहेत, खुंटलेली नाहीत.

रानमळा_बारामती
मग वाचतील. 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, त्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, नाहीतर तेल वरच तरंगत राहतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानाच्या खालच्या बाजूने मारा, आठवड्याने परत. निळे चिकट कार्ड मिळाले तर एक टांगा. आणि पुढेमागे कोळ्यासाठी कुणी गंधक सांगितलं तर या तेलानंतर लगेच मारू नका, दोन आठवडे जाऊ द्या, पानं करपतात.

गच्चीवरची_काकू
रोगाचं दादांनी सांगितलंच, मी डब्याचं सांगते कारण फुलगळ मला तिथलीही वाटतेय. बादलीला भोकं आहेत का? असली तर किती? मी उलथण्याचं टोक गॅसवर तापवून तळाला पाच-सहा पाडते आणि बाजूलाही तळापासून बोटभर वर दोन-तीन, कारण बादली फरशीवर टेकली की तळाची बंद होतात आणि मुळं कुजतात. 5 लिटरच्या कॅनमधलं रोप मोठ्या डब्यात हलव गं, एवढ्याशा मातीत पश्चिमेच्या उन्हात भराभर पाणी आटतं आणि झाड पहिलं फूलच टाकतं. मी 15 किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावते, पण पत्रा तापतो म्हणून बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळते. दुपारी जुनी साडी आडवी बांध, पस्तिशीच्या वर ऊन गेलं की फूल धरत नाही. आणि औषधाचे, फवारणीचे रिकामे डबे कितीही धुतले तरी वापरू नकोस.

बाल्कनी_ठाणे
काकू, भोकं फक्त दोनच होती आणि एक मातीने बुजलेलं! आज बाजूने पाडली तर एका बादलीतून तांब्याभर पाणी निघालं. साडी बांधलीये, तेल संध्याकाळी मारते. कॅनमधलं रोप आत्ता हलवू की कीड गेल्यावर?

गच्चीवरची_काकू
कीड गेल्यावर. नवा शेंडा सरळ फुटलेला दिसला की मग, तेही संध्याकाळी, मातीच्या गोळ्यासकट.