मदत हवी आहे : आइनस्टाइनचं वाक्य अवतरणचिन्हांत कसं द्यावं?

एका मराठी विज्ञान मासिकासाठी पुंजयांत्रिकीवर (क्वांटम मेकॅनिक्सवर) लेख लिहितेय. 'देव विश्वाशी फासे खेळत नाही' हे आइनस्टाइनचं वाक्य त्यात हवंच आहे. मूळ शोधलं, तर ते 4 डिसेंबर 1926 रोजी भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्नना जर्मनमध्ये लिहिलेल्या पत्रात सापडलं. पण तिथे 'देव' हा शब्दच नाही! आधीच्या वाक्यात 'त्या म्हाताऱ्याचं गुपित' असं आहे आणि पुढे, निदान माझी तरी खात्री आहे की तो फासे टाकत नाही. 'विश्वाशी' हेही तिथे नाही. मला मूळ 'म्हातारा' फार आवडला, तो गमवायचा नाहीये.

मूळ जर्मन आणि 1971चं इंग्रजी भाषांतर दोन्ही ताडून पाहिलंय, त्यामुळे संदर्भ नकोय. तळटीपांना मासिकात जागा नसते, जे सांगायचं ते मजकुरातच. अवतरणचिन्हं काढून 'म्हणाले की' असंही लिहून पाहिलं. पण मराठीत 'की'नंतरही 'माझी खात्री आहे' असंच राहतं, इंग्रजीसारखं 'त्यांची' होत नाही. म्हणजे वाचणाऱ्याला ते शब्दशःच वाटणार. शिवाय ते 'म्हणाले' नव्हते, त्यांनी लिहिलं होतं.

संपादन किंवा भाषांतर करणाऱ्यांना विचारायचंय : मी स्वतः जर्मनवरून केलेलं मराठी वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावं का? आणि दिलं, तर लोकांच्या तोंडी बसलेलं वाक्य वेगळं आहे हे त्याच परिच्छेदात, ओघ न तोडता, तुम्ही कसं सांगाल?