क्रीटला जाऊन सहा रात्री एकाच रिसॉर्टात: चैन की चूक?

काजूगर (पुणे)

येत्या सप्टेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. आजवर आम्ही केलेल्या सगळ्या सहली 'बघण्याच्या'. सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, आठला बस, दिवसाला दोन गावं आणि रात्री फोटो बघताना 'हे कुठलं गं?' यावेळी मला काहीही बघायचं नाहीये.

ग्रीसचं क्रीट बेट, त्यात ईशान्येचा एलुंडा भाग, पंचतारांकित रिसॉर्ट, सहा रात्री. खोलीबाहेर स्वतःचा छोटा पोहण्याचा तलाव, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून रात्रीला ४८० युरो. युरो शंभरीपार आहे, म्हणजे विमान सोडून तीन लाख तरी झालेच.

माझं म्हणणं असं की समुद्र काय, सगळीकडे निळाच. फरक पडतो तो खोलीने, सेवेने आणि जेवणाने. म्हणून मी आधी रिसॉर्ट निवडलं, बेट नंतर. एखाद्या दिवशी गाडी घेऊन एलाफोनिसीची गुलाबी वाळू बघून येऊ, बाकी लोळणे. भावाने वेड्यात काढलं आहे. तुम्हीही काढा, पण कारण द्या.

नाखवा६२

कारण देतो. भूमध्य समुद्राकाठी जाऊन चार भिंतींत बसायचं तर लोणावळा काय वाईट? त्या किनाऱ्याची मजा गावांत आहे. क्रीटमधल्याच चानियाला व्हेनिसकरांनी बांधलेलं बंदर आहे, त्याच्या मागच्या गल्ल्यांत जुन्या घरांची छोटी हॉटेलं झाली आहेत. सकाळी पाव आणायला जावं, दुपारी पोहावं, रात्री खानावळीत बसावं. तुमच्या निम्म्या पैशात होईल. तीन रात्री चानिया, तीन रात्री दक्षिण किनारा, किंवा स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच घ्या.

आणि 'खासगी किनारा' या शब्दाला भुलू नका. ग्रीसमध्ये किनारा सार्वजनिक आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावर लोक नुसते टॉवेल घेऊन आंदोलनाला उतरले, कारण खुर्च्या-छत्र्यांनी वाळू इतकी व्यापली होती की गावकऱ्यांना टेकायला जागा नव्हती. पुढच्याच वर्षी कायदा आला: किनाऱ्याचा निम्मा भाग मोकळा, संरक्षित ठिकाणी सत्तर टक्के, आणि पाण्यापासून चार मीटर खुर्ची नाही. सरकारने तक्रारीसाठी ॲपसुद्धा काढलं. म्हणजे ज्याचे तुम्ही पैसे मोजताय, तिथे मी फुकट टॉवेल टाकून बसू शकतो.

तिरफळ

तीन लाखात तारकर्लीला किती सुरमई येईल याचा हिशेब कुणी मांडणार आहे का?

काजूगर

तिरफळ, सुरमई मी तारकर्लीतच खाते, काळजी नसावी.

नाखवाकाका, पाव आणायला 'जावं' हे वाक्य छान आहे. जाणार कोण? अपार्टमेंट घ्या म्हणणाऱ्या सगळ्यांना माझा एकच प्रश्न आहे, तिथे सकाळचा पहिला चहा कोण करतं? दुसऱ्याच दिवशी 'जरा पोहे टाकतेस का' सुरू होतं. आम्ही हे गोव्यात तीनदा केलंय. मला सहा दिवस 'आज जेवायला काय' या प्रश्नातून सुटका हवी आहे, त्याचे हे तीन लाख. टॉवेल टाकून तुम्ही माझ्या शेजारी बसलात तरी माझं काही जात नाही.

नेकारतीरी (स्टुटगार्ट)

ताई, चहाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. एकाच जागी सहा रात्री राहण्यातही काही चूक नाही. आमच्याकडचे जर्मन लोक दोन-दोन आठवडे एकाच हॉटेलात राहतात. पण 'समुद्र सगळीकडे निळाच' हे मात्र साफ चूक. आधी किनारा निवडायचा, मग रिसॉर्ट. मी उलट करून पस्तावलो आहे.

एलुंडा देखणं आहे, वाद नाही. पण डोंगर थेट पाण्यात उतरतो. लांबच लांब वाळू तिथे नाही. रिसॉर्टं उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी बांधलेली असतात, वाळूच्या जागा छोट्या, बऱ्याचदा बाहेरून वाळू आणून केलेल्या. क्रीटमध्येच आम्ही एके ठिकाणी (नाव घेत नाही) 'स्वतःचा बीच' वाचून गेलो, तर काँक्रीटचा ओटा आणि पाण्यात उतरायला लोखंडी शिडी! पट्टीचं पोहणाऱ्याला ते आवडतं, पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. पण आमचे बाबा सोबत होते. ते सहा दिवस ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते, तेही दुसऱ्या दिवसापासून तेच.

वारा हा दुसरा विषय. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी वाहतो आणि उत्तर किनाऱ्यावर लाटा उठतात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्याचा जोर ओसरू लागतो आणि पाणी उन्हाळाभर तापून छान झालेलं असतं. तुमचा महिना उत्तम आहे. आपल्याकडचे लोक शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यात जातात, ऊन बघून पाण्यात शिरतात आणि किंचाळत बाहेर येतात. दिवाळीत जावं तर रिसॉर्टं हंगाम संपवून बंद व्हायला लागलेली.

आणि एलुंड्याहून एलाफोनिसी? क्रीट साधारण २६० किलोमीटर लांब आहे. एलुंडा पूर्वेला, एलाफोनिसी नैर्ऋत्य टोकाला. रस्त्याने एका बाजूला पावणेतीनशे किलोमीटर, शेवटचा टप्पा घाटाचा. मुंबईहून चिपळूणला जेवायला जाऊन रात्री मुंबईत परत, असा बेत झाला हा.

तिरफळ

एक खरीखुरी शंका म्हणून विचारतो. या छत्र्या-खुर्च्या पाण्यापासून चार मीटरवर कायमच्या लावतात, मग भरती आली की वाहून जात नाहीत? आमच्याकडे गुहागरला चप्पल ठेवून पोहायला गेलो तर परत येईतो चप्पल समुद्राची.

नेकारतीरी (स्टुटगार्ट)

भरती तिथे जवळजवळ नाहीच. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेनेच अटलांटिकला जोडलेला, त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवर पाणी वीतभर, फार तर हातभर वरखाली होतं. कोकणात दोन-अडीच मीटरचा खेळ असतो. तिथे किनाऱ्याची रेघ दिवसभर जागेवर, म्हणून पाण्याला टेकून जेवणाची टेबलं मांडता येतात. पाणी खारटही जास्त, अंग आपोआप तरंगतं.

खुर्च्यांवरून आठवलं. पहाटे सहाला उठून तलावाकाठच्या खुर्चीवर टॉवेल टाकून पुन्हा झोपायला जाणारे पर्यटक रिसॉर्टात हमखास असतात आणि त्यासाठी बदनाम आमचे जर्मन. मला राग येत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात माझं बालपण गेलंय.

चहाबाज

एवढा खल कशाला? तुर्कस्तानात अंताल्या गाठा. तिथल्या लारा आणि बेलेकला खरी वाळू, रिसॉर्ट थेट वाळूवर, चढउतार नाही. आणि तिथे सगळं 'हेर शेय दाहिल'. शब्द बघा: हर, शै, दाखल. एकदा मनगटाला पट्टा बांधला की नाश्ता, जेवण, मधलं खाणं, आइस्क्रीम, पेयं, सगळं त्यात दाखल. ताईंना जेवणाच्या प्रश्नातून सुटका हवी आहे ना? हाफ बोर्डमध्ये, म्हणजे फक्त नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं तेव्हा, दुपारचं जेवण आणि रात्रीच्या टेबलावरची पाण्याची बाटलीसुद्धा बहुधा वेगळी लागते. बघायचंच असेल तर बेलेकपासून जवळच आस्पेंदोसचं रोमन नाट्यगृह आहे, दुसऱ्या शतकातलं.

नाखवा६२

पट्टा बांधून घ्यायला मी काय इस्पितळात भरती झालोय? दिवसभर बुफे, संध्याकाळी तलावाकाठी नाच. असलं रिसॉर्ट उचलून कुठेही ठेवा, फरक कळणार नाही. बाहेरची खानावळ ओस, कारण आत सगळं आधीच भरलेलं.

चहाबाज

काका, काही लोकांना थकल्यावर गर्दीतलं अनोळखीपण आवडतं. खानावळवाल्याचा उद्धार करायला सुट्टी काढलेली नसते.

मिठागर

मी तुर्कस्तानला जाणार नाही. मे २०२५ मध्ये त्यांनी पाकिस्तानची बाजू घेतली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या दोन कुटुंबांनी सहली रद्द केल्या, आम्ही त्यातलेच. ज्याचं त्याने ठरवावं, वाद घालत नाही. व्यवहाराचं सांगायचं तर, तिकडचा ई-व्हिसा आपल्याला तेव्हाच मिळतो जेव्हा हातात अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) चालू व्हिसा किंवा रहिवासी परवाना असतो. नाहीतर रीतसर अर्ज. ग्रीसला शेंगेन लागतो, फी ९० युरो, माणशी.

ग्रीसच्या हिशेबात अजून एक ओळ घाला. हवामान संकटाच्या नावाने तिथे खोलीवर कर आहे. एप्रिल ते ऑक्टोबर पंचतारांकित खोलीला रात्रीला १५ युरो, म्हणजे सहा रात्रींचे ९०. तो बहुधा आधीच्या बिलात नसतो, हॉटेलातच भरावा लागतो.

आणि माझ्या नावाला जागून सांगतो, एलुंड्याला व्हेनिसकरांची जुनी मिठागरं अजून दिसतात. समोर स्पिनालोंगा हे किल्ल्याचं बेट, १९०३ ते १९५७ कुष्ठरोग्यांची वसाहत होती तिथे. आणखी एक गंमत: १९३० च्या दशकात लंडनहून हिंदुस्थानच्या मार्गावरची, पाण्यावर उतरणारी विमानं याच मिराबेलो खाडीत इंधनासाठी थांबत. म्हणजे 'आधी रिसॉर्ट, मग बेट' म्हणणाऱ्यांना नकळत जागा भारी मिळाली आहे.

साबुदाणा

कुणी शाकाहारी माणसाचं बोलेल का? ४८० युरोत मला सहा दिवस सॅलडच खायचं असेल तर आत्ताच सांगा.

नेकारतीरी (स्टुटगार्ट)

उलट क्रीट शाकाहाऱ्याला बरं. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांना लादेरा म्हणतात, तो वेगळाच विभाग असतो. भात भरलेले टोमॅटो-मिरच्या म्हणजे येमिस्ता, मोठे पांढरे वाल टोमॅटोत शिजवलेले म्हणजे यिगांदेस, कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि चीज म्हणजे दाकोस. पिवळ्या डाळीचा फावा तर आपल्या घट्ट वरणाचा भाऊ. रिसॉर्टच्या बुफेत हे कधीकधी मिळमिळीत होतं, गावातल्या खानावळीत खरी चव.

'नीस्तीसिमो' हा शब्द पाठ करा, म्हणजे उपासाचं. त्यांच्याकडेही १ ते १४ ऑगस्ट मारियामातेचा उपास असतो, आपल्या श्रावणाच्या आसपास. पण फसू नका! मांस, अंडी, दूध नाही, मात्र कालवं, माकुल, ऑक्टोपस चालतात. मी एकदा बेधडक 'उपासाचं द्या' म्हणालो आणि ताटात कोळंबी आली.

तिरफळ

धर्म बदलण्याचे विचार मनात येऊ लागले आहेत.

काजूगर

सगळ्यांचं दोनदा वाचलं. नेकारतीरी, तुमच्या बाबांचं वर्तमानपत्र डोक्यातून जाईना. आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालंय. रिसॉर्टच्या फोटोंत तलाव दिसतो, झोपाळा दिसतो, पायऱ्या एकाही फोटोत नाहीत. म्हणून काल सरळ मेल टाकला: आमच्या खोलीपासून समुद्रापर्यंत पायऱ्या किती? आणि उपग्रहाच्या नकाशावर किनारा मोठा करून पाहिला. खरंच, वाळू म्हणजे एक चंद्रकोर, बाकी ओटे.

उत्तर नम्र आलं. पायऱ्या एकशे बारा. बग्गी आहे, बोलावली की येते. मी म्हटलं, पोहून ओल्या अंगाने बग्गीची वाट बघत उभं राहणं ही कसली चैन?

तर मग क्रीटमध्ये वाळू कुठे? वारा, पायऱ्या, सगळं धरून सांगा. तुर्कस्तान नको, घरात एकमत होणार नाही.

नेकारतीरी (स्टुटगार्ट)

रेथिम्नो. गावाला चिकटूनच पूर्वेकडे मैलोन् मैल वाळू पसरली आहे आणि तिच्यावर ओळीने रिसॉर्टं आहेत, सपाट जागेवर. एलुंड्याचं एकांतपण तिथे मिळणार नाही आणि उत्तरेला तोंड करून असल्याने वारा सुटला की लाल बावटा लागतो, त्या दिवशी तलावावर समाधान मानायचं. बुक करताना दोन गोष्टी विचारा: खोली मुख्य इमारतीत आहे की मागच्या रस्त्यापलीकडच्या भागात, आणि 'समुद्रदृश्य' म्हणजे समोरून की सज्जातून मान वाकडी करून.

वाळूत लोखंडी चौकटी रोवलेल्या दिसतील, त्याखाली कासवांची घरटी असतात. मोठ्या डोक्याची लॉगरहेड कासवं. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं पाहिली असतील तर सप्टेंबरात इथेही एखाद्या रात्री पिल्लं निघताना दिसू शकतील.

नाखवा६२

रेथिम्नोला व्हेनिसकरांचं जुनं गाव आहे आणि किल्लाही. वाळूवरून चालत गावात जाता येतं. मी काही बोलत नाही.

काजूगर

काका, बोललात की! ठरलं ते असं: रेथिम्नोला वाळूवरच्या रिसॉर्टात पाच रात्री, हाफ बोर्ड, तळमजल्याची खोली. दर एलुंड्यापेक्षा कमी पडला. उरलेली एक रात्र चानियाला, तुमच्या बंदरामागच्या गल्लीत. साठेक किलोमीटर आहे, बसने जाऊ. पाव आणायला ह्यांना पाठवते, गुडघ्याला चालणं सांगितलंच आहे डॉक्टरांनी.

तिरफळ

आणि तारकर्लीचं?

काजूगर

डिसेंबरात. सुरमई तुमच्याकडून.