बैठका मारताना टाचा उचलतात, गुडघे वाजतात. काय करावं?

घरचा_व्यायाम

रोज सकाळी घरीच जोर-बैठका सुरू केल्या आहेत. वय चाळिशीपुढे, आधी चालण्यापलीकडे व्यायाम नव्हता. जोर जमतात, अडचण बैठकांची आहे. खाली जाताना टाचा आपोआप उचलल्या जातात आणि दाबून धरल्या तर मागे तोल जातो. गुडघे कटकट वाजतात, दुखत मात्र नाहीत. मांड्यांचं म्हणाल तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. टाचा उचललेल्या चालतात का? आणि मांड्या भरून आलेल्या असताना बैठका माराव्यात की थांबावं?

तालीमकर

आधी कोणती बैठक मारताय ते ठरवा. तालमीतली बैठक चवड्यांवरचीच असते. खाली जाताना टाचा उचलायच्या, हात मागे नेऊन बोटं टाचांजवळ जमिनीला लावायची, वर येताना हात झोक्याने छातीसमोर आणायचे आणि टाचा टेकायच्या. जिममधल्या स्क्वॉटमध्ये टाचा शेवटपर्यंत टेकलेल्या राहतात आणि कंबर मागे जाते. दोन्ही बरोबर आहेत, बिघडतं ते दोन्हींची मिसळ झाली की. टाच अर्धवट उचललेली, सगळा भार अंगठ्यावर आणि गुडघे आत वळलेले, अशी बैठक कुणीच मारू नये.

चवड्यांवर बसताना गुडघा पावलाच्या बराच पुढे जातो आणि वाटीमागचा दाब वाढतो. तुम्ही नव्याने सुरू करताय, तर सध्या टाचा टेकवूनच करा. मागे खुर्ची ठेवा, हात समोर सरळ धरा, तीन आकडे मोजत खाली जा, खुर्चीला नुसता स्पर्श करून श्वास सोडत उठा. गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. १०-१० च्या तीन फेऱ्या, मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती, एक दिवसाआड. चौथ्या आठवड्यापर्यंत खुर्चीऐवजी बुटकं स्टूल घेता येईल.

गामा पहिलवान रोज हजारो बैठका मारायचे असं सांगतात, त्या आकड्यांकडे बघू नका. त्यामागे लहानपणापासूनची मेहनत, खुराक आणि मालीश होती.

फिजिओ_नाशिक

मागे तोल जातो यातच बहुधा उत्तर आहे. खाली बसताना शरीराचा भार पावलांच्या वरच राहायला हवा. त्यासाठी नडगी पुढे झुकावी लागते. घोटा ताठर असेल तर ती झुकत नाही, मग एकतर टाच उचलते किंवा माणूस मागे पडतो.

घरी तपासा. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून बघा. लागला तर घोटा ठीक आहे. नाही लागला तर पाऊल थोडं थोडं पुढे सरकवा आणि कुठे लागतो ते अंतर मोजा. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा.

पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा गुडघ्याच्या वरून सुरू होतो, त्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो. आतला सोलियस गुडघ्याच्या खालून सुरू होतो आणि बैठकीत अडवतो तो हाच. बहुतेक लोक पाय सरळ ठेवून पोटरी ताणतात आणि महिनाभर करूनही बैठकीत फरक पडत नाही, याचं कारण हे. मागचा गुडघा वाकवून, टाच जमिनीला दाबून, भिंतीला रेटा द्या. ३० सेकंद, तीन वेळा, रोज. तोवर टाचांखाली दोनेक सेंटीमीटरची फळी ठेवून बैठका मारायला हरकत नाही.

अनघा_व

आवाजाबद्दल. सांध्यातल्या वंगणात वायू विरघळलेला असतो. सांधा ताणला की आतला दाब घटतो, पोकळी तयार होते आणि टक् असा आवाज येतो. २०१५ साली बोटांच्या सांध्यांचं एमआरआय चित्रण करून संशोधकांनी हे टिपलं. एकदा वाजलेला सांधा साधारण २० मिनिटं पुन्हा वाजत नाही.

तुमचा गुडघा मात्र प्रत्येक बैठकीला वाजत असेल तर तो वायू नव्हे. एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाच्या उंचवट्यावरून सरकत असेल किंवा वाटी तिच्या खाचेत घासत असेल. दुखत नसेल, सूज नसेल, गुडघा मध्येच अडकत नसेल तर बैठका थांबवायची गरज नाही. यातलं एक जरी असेल तर मात्र दाखवून घ्या.

वाटीचं एक नवल सांगते. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीसारख्या लवचीक ऊतीची असते, हाड व्हायला साधारण तिसऱ्या वर्षानंतर सुरुवात होते. ती मांडीच्या स्नायूच्या कंडरेतच बसलेली असते आणि त्या स्नायूला तरफेसारखा जोर मिळवून देते. म्हणून मांडी कमकुवत असली की तक्रार वाटीकडून येते.

निशिगंध

मांड्या लॅक्टिक आम्लामुळे दुखतात हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते आम्ल व्यायामानंतर तासाभरात निघून जातं. दुखणं २४ ते ७२ तासांत चढतं, कारण भार पेलत असतानाच स्नायू लांबतो तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. बैठकीत खाली जाताना मांडीचा पुढचा स्नायू नेमका असाच लांबतो आणि जिना उतरतानाही तसाच. चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतं ते यामुळे. तेच काम पुन्हा केलं की दुखणं पुष्कळ कमी होतं, त्यामुळे थांबू नका. फक्त त्या दिवशी निम्म्या बैठका मारा आणि नंतर पाच मिनिटं चाला.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या, मांड्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर स्नायू फुटून त्यातला घटक मूत्रपिंडात चाललेला असतो. वेदनाशामक गोळी घेऊन घरी बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घरचा_व्यायाम

सगळ्यांचे आभार. तपासून पाहिलं. उजवा गुडघा १० सेंटीमीटरवरून भिंतीला लागतो, डावा सहावरूनच. डावाच जास्त ताणायचा का?

फिजिओ_नाशिक

गुडघा भिंतीकडे नेताना नेमकं कुठे अडतं ते बघा. मागे पोटरीत ओढ जाणवत असेल तर डाव्याला उजव्याच्या दुप्पट ताण द्या आणि दर आठवड्याला अंतर मोजा. पुढे, घोट्याच्या वाकणीत चिमटल्यासारखं होत असेल तर अडथळा सांध्यातच आहे, पोटरी कितीही ताणली तरी तो हटणार नाही. पाय मुरगळल्यानंतर पूर्ण सुटला नसेल तर असं राहून जातं. तसं असेल तर फिजिओथेरपिस्टकडून सांधा मोकळा करून घ्या. तोपर्यंत फळी दोन्ही टाचांखाली ठेवा. फक्त डाव्याखाली ठेवली तर कंबर तिरकी होईल.