सोलो व्हायोलिन आणि क्वार्टेट, दोन्ही एकत्र जमतं का?

झोपेतही_स्केल्स
कॉन्झर्व्हेटरीचं शेवटचं वर्ष चालू आहे. सरांचं म्हणणं असं की आत्ता फक्त सोलो, स्पर्धा दे, क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) काय नंतर कधीही करता येईल. पण मला खरी मजा क्वार्टेटच्या तालमीत येते, आणि ब्राम्सचा कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राबरोबरची सोलो रचना) पण सोडवत नाही. क्वार्टेट म्हणजे सोलो न जमलेल्यांची जागा असं वर्गात सर्रास बोललं जातं, ते ऐकून डोकं फिरतं. दोन्ही करणारे लोक नक्की कसं करतात?

शेवटची_रांग
वर्गातल्या लोकांना विचार की ब्राम्सचा तो कॉन्चेर्टो १८७९ मध्ये लाइपझिगला पहिल्यांदा कोणी वाजवला. योआखिमने, त्या काळच्या नावाजलेल्या सोलो व्हायोलिनवादकाने. आणि त्याचं स्वतःचं क्वार्टेट बर्लिनमध्ये १८६९ पासून चालू होतं. इझाई हाही मोठा सोलो व्हायोलिनवादक, त्याच्या क्वार्टेटने १८९३ मध्ये देबुसीचं क्वार्टेट पहिल्यांदा सादर केलं. व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश तर दोन्हीकडे सारखाच मोठा, व्हायोलिनवादक ऑइस्त्राखचा पियानोवादक ओबोरिन आणि चेलोवादक क्नुशेवित्स्कीबरोबर ट्रायो (तिघांचा गट) होता. दुय्यम काम असतं तर या लोकांना काय गरज पडली होती?

मधला_आवाज
मी क्वार्टेटमध्ये व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या आवाजाचं वाद्य) वाजवतो, त्यामुळे इतिहास बाजूला ठेवून रोजचं सांगतो. अडचण कॅलेंडरची आहे. सोलोइस्ट येतो, ऑर्केस्ट्राबरोबर एक-दोन तालमी, कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. क्वार्टेटमध्ये एका गजाच्या दिशेवरून अख्खी दुपार भांडण होतं आणि ते भांडण आवश्यकच असतं, कारण बेथोव्हनची शेवटची क्वार्टेट्स त्याशिवाय उभीच राहत नाहीत.

दुसरं म्हणजे कान. सोलो वाजवताना आपण वरच्या षड्जाकडे जाणारा निषाद जरा चढा लावतो, त्याने चमक येते. तोच स्वर क्वार्टेटमध्ये कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) थर्ड, म्हणजे मूळ स्वरापासून तिसरा स्वर, म्हणून आला की बोचतो. शुद्ध मेजर थर्ड पियानोच्या थर्डपेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो, म्हणजे बोट तेवढं मागे घ्यायचं, तेही बाकी तिघं काय धरून बसलेत ते ऐकून. आणि आवाज! ऑर्केस्ट्राच्या वर जायला गज ब्रिजजवळ नेऊन दाबून वाजवायची सवय लागते, तसं आमच्यात वाजवलंस तर माझा व्हायोला मेला म्हणून समज (हो, राग आहे माझा).

बेरीज_वजाबाकी
पैशाचं कोणीच बोलत नाहीये. मानधन चौघांत वाटायचं, एजंटचं कमिशन वेगळं, वर चेलोसाठी विमानात वेगळी सीट. म्हणून बरीच पूर्णवेळ क्वार्टेट्स कुठल्यातरी विद्यापीठात शिकवून तगतात. आणि मोठ्या स्पर्धांना वयाची अट असते, क्वार्टेट वाजवायला नसते, त्यामुळे तुझे सर अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

शेवटची_रांग
व्हायोलिनवादक नॉर्बर्ट ब्रेनिन १९४६ मध्ये कार्ल फ्लेश स्पर्धा जिंकला आणि तरी अमाडेउस क्वार्टेटमध्ये गेला, १९८७ ला व्हायोलावादक शिडलोफ वारला तेव्हाच ते थांबलं. स्पर्धा जिंकली म्हणजे सोलोच करायचं असं कुठे आहे?

झोपेतही_स्केल्स
सेंटवालं आजच तालमीत करून बघते, आमचा तो एक कॉर्ड कायम आंबट लागायचा. आणि सोलो व्हायोलिनवादक टेट्झलाफसारखं चालेल का? त्याचं क्वार्टेट १९९४ पासून आहे ना, वर्षातले थोडेच कार्यक्रम करतात. की तो आधीच नावाजलेला म्हणून त्याला चालतं?

मधला_आवाज
नाव असलं की तारखा मिळवणं सोपं जातं, हे खरंच. पण सोलो व्हायोलिनवादक अलिना इब्रागिमोव्हाचं किआरोस्कुरो क्वार्टेट २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा तीही शिकतच होती. चौघांनी वर्षाच्या सुरुवातीलाच काही आठवडे फक्त क्वार्टेटचे म्हणून अडवून ठेवायचे, मग कोणाला कितीही चांगला कॉन्चेर्टो आला तरी ते हलवायचे नाहीत. हा नियम पहिल्यांदा मोडला की क्वार्टेट फार टिकत नाही, मी बघितलंय. आणि ज्याचा आवाज आवडतो त्यापेक्षा ज्याच्याशी भांडता येतं असा दुसरा व्हायोलिनवादक शोध.

बेरीज_वजाबाकी
काही स्पर्धांमध्ये चेंबरची (छोट्या गटात वाजवण्याची) फेरीच असते, त्या आधी बघ, सर पण खूष. आणि अमेरिकेतल्या मार्लबरो या उन्हाळी संगीत शिबिरासारख्या ठिकाणी अर्ज कर. बुश, पियानोवादक झेर्किन वगैरेंनी १९५१ मध्ये सुरू केलेलं आहे ते, मुरलेले कलाकार नवख्यांच्या शेजारी बसून एकाच ग्रुपमध्ये वाजवतात. तिथल्या ओळखींतून पुढे सोलोची कामंसुद्धा येतात.