ट्रेनिंगचे पहिले दोन महिने मन कसं धरून ठेवलंत? फौजेतल्यांनी आणि घरच्यांनीही सांगा (अनुभव धागा)

गडहिंग्लजचा मामा

नमस्कार मंडळी. माझा भाचा पुढच्या महिन्यात बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला रिपोर्ट करतोय, चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून. वय १९. दोन वर्षं पहाटे चारला उठून डांबरी रोडला पळत होता, १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणला, बीमवर दहा पुलअप्स मारतो, त्यामुळे शरीराची मला एवढी काळजी नाही. पण परवा जेवता जेवता हळूच म्हणाला, "मामा, तिथं रडू आलं तर काय करू?" मी पतसंस्थेत नोकरी करतो, आमच्या घराण्यात फौजेत जाणारा हा पहिलाच, मला काही सुचलंच नाही, नुसता पाठीवर हात ठेवला. भरती कशी व्हायची हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. भरती झाल्यावर पहिले दोन महिने उठायचं कसं, टिकायचं कसं, हे सांगणारं कोणी सापडेना. म्हणून हा धागा. जे खरंच घडलं तेच लिहा, तो स्वतः वाचणार आहे.

जुना रंगरूट

मामा, मी १९८६ ला बेळगावलाच रंगरूट म्हणून गेलो, सुभेदार होऊन पेन्शनला आलो. तुमच्या भाच्याला आधी हे सांगा की अख्ख्या ट्रेनिंगचा विचार करायचा नाही. मी पहिल्या रात्री तो केला आणि झोप उडाली. आमच्या बराकीत एक सीनियर होता, तो म्हणाला, चहा मोज. पीटीच्या आधीचा चहा, मग दहाचा चहा-पकोडा, मग दुपारी चारचा. पीटीत छाती फुटायला लागली की फक्त दहाच्या चहापर्यंत जायचं. ड्रिलला उन्हात पाय आपटून टाचा बधिर झाल्या की चारच्या चहापर्यंत. मी खरंच तसेच दिवस काढले आणि अजून मला दहा वाजता चहा लागतोच.

दुसरी गोष्ट शेजारच्या खाटेवाल्याची. माझ्या शेजारी सावंतवाडीकडचा एक पोरगा होता. त्याला ड्रिल झकास जमायची पण रस्सा चढता यायचा नाही, हातानंच ओढत राहायचा आणि अर्ध्यावरून घसरायचा. माझं उलटं, रस्सा माकडासारखा चढायचो पण दाहिने मूडला (उजवीकडे वळायला) हमखास चुकायचो आणि मी चुकलो की सगळ्या स्क्वाडला फ्रंट रोल. रात्री जेवण झालं की तो मला दोन खाटांच्या मधल्या जागेत हळू चाल करून दाखवायचा आणि मी त्याला खांबाला धरून पायाची कैची कशी घालायची, वजन पायावर कसं घ्यायचं ते शिकवायचो. महिनाभरानं दोघांचंही जमलं. शिस्त आधी अंगात नसतेच हो. सुरुवातीला माणूस शेजाऱ्याच्या भिडेनं उठतो, आपण उशीर केला तर त्याला रगडा (शिक्षा) बसेल म्हणून. मग कधीतरी सीटी वाजायच्या आधीच डोळा उघडायला लागतो, ते कुठल्या दिवसापासून ते मला आजपण सांगता येणार नाही.

सातारची ताई

मी घरची बाजू सांगते. अपशिंग्याजवळचं आमचं गाव. अपशिंगे मिलिटरी म्हणजे पहिल्या महायुद्धात ज्या एका गावातले ४६ जवान कामी आले ते गाव, त्यामुळे आमच्या पट्ट्यात पोरगा फौजेतून परत येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. माझ्या धाकट्या भावाचा तिसऱ्या आठवड्यात रविवारी फोन आला, "आण्णा, मला न्यायला या, मला नाही राहायचं." आई लगेच डोळ्याला पदर लावून बसली. आण्णांनी रागावणं नाही की गावाची अब्रू काढणं नाही. ते म्हणाले, "येतो की. पण आत्ता तिकीट मिळणार नाही, पुढच्या रविवारी फोन कर, तेव्हा म्हणालास तर त्याच दिवशी निघतो." पुढच्या रविवारी फोन आला तर भाऊ फायरिंगबद्दलच बोलत बसला, पाच गोळ्या कुठं लागल्या ते. आण्णांनीच विचारलं, तिकिटाचं काय? तो म्हणाला, अजून एक रविवार बघतो. असे चार रविवार गेले आणि मग दोघांनीही तो विषय काढला नाही. आता त्याला फौजेत नऊ वर्षं झाली.

परतीचा दरवाजा उघडा आहे हे त्याला कळलं म्हणून तो राहिला असं मला अगदी मनापासून वाटतं. तेव्हा मामा, "आता माघार घेतलीस तर तोंड दाखवू नकोस" असलं काही कुणी बोलत असेल तर त्याला आधी गप्प करा.

ग्राउंडवाला

वरचं वाचून लिहायचं धाडस करतोय. मी परत आलेला आहे. सातव्या आठवड्यात स्वतःहून नाव कमी करून घेतलं. कुठल्या सेंटरला ते सांगत नाही, तिथल्या लोकांची काही चूक नव्हती.

माझं काय झालं तर मी भरतीच्या आधी सगळी तयारी जोशावर केली होती. मोबाईलमध्ये कमांडोंचे व्हिडिओ, वॉलपेपरला तिरंगा, कानात गाणी घालून पळायचो, गाणी नसतील तर दोन किलोमीटरही व्हायचं नाही. आत गेलो, फोन जमा झाला आणि सकाळी साडेचारला अंधारात उभा राहिलो तेव्हा डोक्यात काही वाजतच नव्हतं. बूट पॉलिश, ब्रासो लावून बकल घासणं, मच्छरदाणीची घडी, कपडे धुणं, परत फॉलिन (रांगेत उभं राहणं). यात कुठंच व्हिडिओतल्यासारखं काही नव्हतं आणि मी रोज वाट बघायचो की खरं ट्रेनिंग कधी सुरू होतंय. तेच खरं ट्रेनिंग होतं हे मला घरी आल्यावर कळलं. दोन वर्षं मी घराबाहेर पडलो नाही, लोक विचारायचे, आई सांगायची तब्येत बिघडली म्हणून.

आता तालुक्याच्या ग्राउंडवर पोरांकडून तयारी करून घेतो. मी काय करतो ते सांगतो, भाच्याला उपयोगी पडेल. पोरगं सिलेक्ट झालं की पुढचे दोन महिने कानात काही न घालता पळायचं. स्वतःचे कपडे स्वतः हातानं धुवायचे. अंथरुणाची घडी उठल्या उठल्या. आणि दिवसातला एक तास असं काम करायचं ज्याचा कंटाळा येतो, ज्वारी निवडणं म्हणा, गोठा झाडणं म्हणा, आणि ते पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही. पळणं सगळ्यांना जमतं, कंटाळा सोसणं शिकून जावं लागतं. माझी १४ पोरं आत गेलीत, एकही परत आलेलं नाही.

जुना रंगरूट

ग्राउंडवाले, तुम्ही १४ जण दिलेत. हे मी माझ्या गावच्या पोरांना वाचून दाखवणार आहे.

सहा टर्म

मी खडकवासल्याला एनडीएत (अधिकारी घडवणाऱ्या अकादमीत) होतो. तीन वर्षं, सहा टर्म, त्यातली पहिली टर्म म्हणजे माणूस कायम धावत असतो आणि कायम झोपेत असतो. जवानांच्या ट्रेनिंगपेक्षा वेगळं आहे, वर कॉलेजचा अभ्यास पण असतो, तरी झोपेचा प्रश्न सगळीकडे सारखाच. मला बाराव्या-पंधराव्या दिवशी कळलं की सकाळी माझा मेंदू चालतच नाही. मोजा एक सापडायचा, एक नाही, बेल्ट उलटा, आणि उशीर, आणि मग शिक्षा, आणि शिक्षेमुळे अजून थकवा, अजून उशीर. हे चक्र मी एकाच गोष्टीनं तोडलं. रात्री कितीही झोप आली असली तरी दुसऱ्या दिवसाचं सगळं लावून झोपायचं: गणवेश ज्या क्रमानं अंगावर चढवायचा त्या क्रमानं, बूट नाडी सैल करून, पेन खिशात. सकाळी काहीही ठरवायचं नाही, फक्त हात चालवायचे. ही पंधरा मिनिटं झोपेतून काढताना जिवावर यायचं पण त्यानंतर माझ्या शिक्षा निम्म्यावर आल्या.

आणि सिंहगड. कॅम्पसमधून कुठूनही दिसतो. इतरांची रविवारची सुट्टी आणि आपण शिक्षा म्हणून पाठीवर वजन घेऊन गडावर जाऊन यायचं, हे मी केलंय. मी पुण्याचा, लहानपणी बाबांच्या बरोबर दही खायला त्याच गडावर जायचो. पहिल्यांदा शिक्षेला गेलो तेव्हा खूप कडू वाटलं. तिसऱ्या वेळी वर पोचलो, पुणे दरवाज्यापाशी वारा लागला आणि खाली अख्खी अकादमी, तलाव, सगळं तळहाताएवढं दिसलं, तेव्हा जी भीती मला रोज वाटायची ती इतकुशी वाटली. तेव्हापासून ड्रिल स्क्वेअरवर उभा असलो की मी गडाकडे एकदा बघून घ्यायचो.

जतची नाविक

मी जत तालुक्यातली. आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर, विहिरीचा तळ दिसतो, पोहायला शिकणार कुठं? आणि सिलेक्शन झालं नेव्हीत. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी आयएनएस चिल्का आहे, अग्निवीरांचं १६ आठवड्यांचं ट्रेनिंग तिथं होतं. आमच्या आधी अग्निवीरांची जी पहिली बॅच मार्च २०२३ मध्ये पासआउट झाली तिच्यात २७३ मुली होत्या आणि ती परेड सूर्यास्तानंतर झाली होती. मी तो व्हिडिओ बघूनच फॉर्म भरला होता.

पीटी, ड्रिल, पळणं काहीच वाटलं नाही, शेतात काम केलेलं अंग आहे. पण स्विमिंग पूल बघितला की पोटात गोळा. नॉन-स्विमरचा वेगळा क्लास असायचा. पहिले बरेच दिवस मी काठाची कडी सोडली नाही, सोबतच्या मुली एकेक करून पलीकडं गेल्या. इन्स्ट्रक्टर ओरडले नाहीत, पण रोज एकच विचारायचे, "आज कितना?" म्हणजे पाण्यात तोंड घालून श्वास किती सोडलास. मी आंघोळीच्या वेळी बादलीत तोंड बुडवून प्रॅक्टिस करायला लागले. पहिल्या दिवशी तीन आकडे मोजले, मग पाच, मग आठ. बादलीत भीती वाटायची नाही कारण बादली घरचीच वाटते. वीसपर्यंत गेले त्या दिवशी पुलात कडी सोडली आणि बुडाले नाही!! बाहेर आल्यावर इतकी रडले की मैत्रिणींना वाटलं काहीतरी झालंय.

तुमच्या भाच्याला सांगा, रडू आलं तर रडायचं. मी भीतीनं रडले आणि आनंदानं पण रडले आणि पासआउट पण झाले.

नडगी

सगळे मनाचं लिहितायत, मी शरीराचं लिहितो कारण मन माझं घट्ट होतं आणि त्यानंच घात केला. नवव्या आठवड्यात उजव्या नडगीत आतल्या बाजूला दुखायला लागलं, बोटानं दाबलं तर नेमकी एकच जागा. मी कोणाला सांगितलं नाही. सिक रिपोर्ट (आजारी असल्याची नोंद) करणारा कामचुकार असं पोरांमध्ये बोललं जायचं आणि मला ते नाव नको होतं, म्हणून आतून क्रेप बँडेज गुंडाळून पळत राहिलो, जवळजवळ तीन आठवडे. एक दिवस पाच किलोमीटरच्या रनमध्ये पाय ठेवला आणि खाली बसलो तो उठलोच नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर. हाडाला नवीन भार पेलायला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळाला नाही तर बारीक भेग पडते आणि पळत राहिलं की ती वाढते, हे डॉक्टरांनी समजावलं. दुखायला लागलं तेव्हाच आला असतास तर थोड्या आरामावर भागलं असतं, म्हणाले.

मला मागच्या बॅचला टाकलं. माझ्या बॅचची कसम परेड मी बाजूला काठी घेऊन उभं राहून बघितली, तिरंगा समोर येतोय, पोरं शपथ घेतायत आणि त्यांच्या ओळीत माझी जागा नव्हती. रात्री माझा बडी त्याच्या नव्या युनिटला जायची पेटी भरत होता, त्यानं त्याचे चांगले पॉलिश केलेले बूट मला ठेवले आणि माझे जुने घेऊन गेला, "तुझ्या कसमला हे घाल". घातले. चार महिन्यांनी.

तेव्हा पोरा, थकवा सोसायचा. अंग सगळीकडून दुखतं तेही सोसायचं. पण एकाच जागी, हाडावर, रोज वाढत जाणारं दुखणं आलं की सरळ एमआय रूम (तिथला दवाखाना). आणि आत्ता जायच्या आधी डांबरीवर पळणं कमी कर, मातीवर पळ, बूट घालून चालायची सवय कर.

गडहिंग्लजचा मामा

सगळं वाचून दाखवलं. नडगीवाल्या भाऊंचं दोनदा वाचायला लावलं त्यानं. आणि मग कबूल केलं की त्याचीपण नडगी महिनाभर दुखतेय. उद्या हाडाच्या डॉक्टरांकडं नेतोय. अजून एक विचारायचं होतं, चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच ठेवणार, मग एवढं सोसून काय, असं त्याचे मित्र त्याला बोलतात. त्याला काय सांगू?

तोफखाना नाशिक रोड

मी सांगतो, मी अग्निवीरच आहे, ट्रेनिंगचे ३१ आठवडे काढलेत आणि सध्या युनिटला आहे. ट्रेनिंगमध्ये हा विषय रोज निघायचा. आमच्यातले काही पहिल्या आठवड्यापासून २५ टक्क्यांचा हिशोब करत होते, बाजूच्याला कॉम्पिटिशन समजायचे, त्याला मदत करायचे नाहीत. ते लवकर थकले. तोफेवर तर एकट्याचं काहीच चालत नाही, एकानं गोळा उचलायला उशीर केला की अख्खी डिटॅचमेंट (तोफेवरची टोळी) लेट. भविष्याची चिंता खरी आहे, मी नाही म्हणणार नाही, मलापण आहे. सेवानिधीचे (पगारातून कापलेले आणि सरकारनं घातलेले) चार वर्षांनी साधारण ११.७१ लाख मिळतात, त्याचं काय करायचं ते मी वडिलांशी बोलून ठेवलंय आणि ग्रॅज्युएशनचा फॉर्म भरलाय. तो विषय सुट्टीत घरी बसून बोलायचा. ग्राउंडवर घेऊन जायचा नाही.

जुना रंगरूट

मामा, डॉक्टर काय म्हणाले ते नक्की कळवा, आणि त्यांनी थांबायला सांगितलं तर पोराला थांबवा.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. रात्री लाइट बंद झाल्यावर मच्छरदाणीत पहिले काही दिवस अख्खी बराक रडते. कुणी कुणाला काही विचारत नाही, सकाळी कुणी काढत पण नाही. उस्तादांना (ट्रेनिंग देणाऱ्यांना) माहीत असतं, ते पण कधीतरी तिथंच झोपलेले असतात. रविवारी त्याचा फोन आला की "जेवलास का, त्रास आहे का" एवढंच विचारत बसू नका, त्यानं कंठ दाटतो. गावातलं सांगा, म्हैस व्याली का, कुणाचं लग्न ठरलं, पाऊस किती झाला.

कसम परेडला त्याच्या आईबापाला नक्की न्या, तिथं त्यांच्या छातीवर गौरव पदक लावतात. परेड सकाळी लवकर असते, म्हणून आदल्या दिवशीच बेळगावला मुक्कामाला या, गडहिंग्लजहून काही लांब नाही. छत्री आणि पाण्याची बाटली घ्या आणि आईला सांगून ठेवा की सगळे एकसारखेच दिसतात, तिला तिचा पोरगा लगेच ओळखू येणार नाही.