भाड्यानं राहणाऱ्या कामगारानं मत कुठं द्यायचं, वाळूजला की गावाकडं?

वाळूजचा भाडेकरू:
मी मूळ बीड जिल्ह्यातला, २००९ पासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीच्या कडेला एका गावात भाड्यानं राहायलोय. आमच्या गल्लीत अठरा खोल्या, पण मत इथं असणारे फक्त मालकाच्या घरचे, बाकी सगळ्यांची नावं जालना, परभणी, हिंगोलीकडं. ग्रामपंचायतीचं इलेक्शन आलं की उमेदवार गल्लीच्या तोंडाशी येतात, मालकाला नमस्कार घालतात अन् तिथूनच माघारी. पाणी आठ दिवसाला, नाली तुंबली की आम्हीच फावडं घेऊन उपसायची, अन् तक्रार घेऊन गेलं की पहिला प्रश्न, यादीत नाव हाय का? माझं म्हणणं, बारा महिने जिथं राहता तिथंच नाव लावा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात घर मालकीचं पाहिजे असं कुठंच नाही, तुम्ही नेहमी राहता कुठं एवढंच बघतात. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते, अन् त्यात नाव नसलं तर ग्रामसभेतही आपल्याला हक्क नाही.

गंगाखेडचा:
नाही पटलं. ठेकेदार सात महिन्यात ब्रेक देतो, म्हणजे कामावरून थांबवतो, खोली दरवर्षी बदलते, मग मत काय दर वेळेला डोक्यावर घेऊन फिरायचं का. गावाकडं आई हाय, दीड एकर हाय. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचतात, तिथं नाव काढलं तर भावकीच म्हणंल की तू आता इथला नाहीस. अन् आमच्या वार्डात चार-पाच मतानं माणूस पडतो, म्हणून तर मतदानाला इथपर्यंत गाड्या पाठवतात.

वाळूजचा भाडेकरू:
गाडी येती ती मतासाठी, तुमच्या आईला दवाखान्यात न्यायला येती का सांगा. अन् सातबाऱ्याचा मतदार यादीशी काहीच संबंध नाही, मत हलवल्यानं जमीन जात नाही. घरकुलाचं मात्र तुमचं बरोबर हाय, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

इथलाच भूमिपुत्र:
आमच्या बापजाद्याच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या, घरपट्टी आम्ही भरतो, अन् सरपंच ठरवणार कोण तर सात महिन्यासाठी आलेले? २०२२ पासून सरपंच परत थेट जनतेतून निवडायलेत, म्हणजे भाडेकरूंची मतं एकगठ्ठा फिरली तर गावातल्या माणसानं उभंच राहू नये का.

रात्रपाळी:
दादा, तुमची घरपट्टी आमच्या भाड्यातूनच निघती की. जमिनी गेल्याचं दुःख खरं हाय, ते कुणी नाकारत नाही, पण पंधरा-पंधरा वर्षं राहणाऱ्याची लेकरं इथल्याच शाळेत जातात अन् इथलंच पाणी पितात. खरी मागणी तर नगरपरिषदेची पाहिजे, कितीही वस्ती वाढली तरी ग्रामपंचायतीला सदस्य जास्तीत जास्त १७, एवढ्यात कसं भागायचं. पण एक अडचण सांगा, मालक करारच करून देत नाही, मग पुरावा कुठून आणायचा?

वाळूजचा भाडेकरू:
इथल्या पत्त्याचं बँकेचं पासबुक किंवा गॅसचं बिल चालतं, काहीच नसलं तर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा सरकारी माणूस, घरी येऊन पडताळणी करतो. गावाकडून नाव हलवायला फॉर्म ८, पहिल्यांदाच नाव लावायचं असंल तर फॉर्म ६. दोन्हीकडं नाव ठेवू नका, ते कायद्यात बसत नाही. अन् इलेक्शन लागल्यावर पळापळ करून उपयोग नाही, यादीची तारीख आधीच ठरून गेलेली असती. रविवारी आमच्या गल्लीतल्या नऊ जणांचे फॉर्म भरायलोय, ज्याला यायचंय त्यानं कागद घेऊन या.

गंगाखेडचा:
माझ्या धाकट्या भावाला पाठवतो, तो इथं पर्मनंट झालाय. माझं घरकुल मंजूर होईपर्यंत मी नाव हलवणार नाही.