सुखोईचा कमांडर, एअरबसची उजवी खुर्ची

लोहगावकर:
थेट मुद्दा मांडतो. हवाई दलात २० वर्षं काढून, पेन्शन पदरात पाडून बाहेर पडलेल्या वैमानिकाला एअरलाइन को-पायलट म्हणून उजव्या खुर्चीत बसवते. हा अनुभवाचा अपव्यय आहे. लोहगावला एकाच धावपट्टीवर लढाऊ सुखोई-३० उतरतं आणि प्रवासी एअरबस ए-३२०ही. वारा, पाऊस, पक्षी दोघांना तेच. सुखोईच्या कमांडरला दोन इंजिनं, रात्रीचं उड्डाण, इन्स्ट्रुमेंट म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवरून उडवणं, सगळं येतं. टाइप रेटिंग (त्या विमानाचा परवाना) आणि लाइन ट्रेनिंग (प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण) झालं की डावी, म्हणजे कॅप्टनची खुर्ची द्यायला हरकत काय?

खडकीचा काका:
विमाननगरच्या गच्चीवरून दोन्ही सारखीच कानठळ्या बसवतात, साम्य तिथेच संपतं साहेब. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या लायसन्सला, एकूण १५०० तास लागतात, त्यात १०० रात्रीचे. इन्स्ट्रुमेंट आणि क्रॉस-कंट्रीचे (एका ठिकाणाहून दुसरीकडच्या उड्डाणाचे) निकष वेगळे. लढाऊ सॉर्टी, म्हणजे एक फेरी, तासाभराची. त्यामुळे एकूण तास भरले तरी नेमके हे रकाने रिकामे राहतात. सर्व्हिस लॉगबुकचे आकडे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) रकान्यांत बसवताना प्रत्यक्ष इन्स्ट्रुमेंट, हुडखालचं (बाहेरचं दिसू नये म्हणून नजर झाकून केलेलं) आणि सिम्युलेटरचं उड्डाण एकत्र लिहिलं की अर्ज शंका लावून परत आलाच म्हणून समजा. हे काम नोकरीत असतानाच उरकावं. बाहेर पडल्यावर सह्यांसाठी जुन्या युनिटच्या मागे धावणं कठीण.

कोथरूड३८:
काकांशी सहमत, पण अडचण फक्त कागदाची नाही. रशियन बनावटीच्या विमानात उंची मीटरमध्ये, वेग किलोमीटरमध्ये. इथे फूट आणि नॉट. ते महिन्याभरात अंगवळणी पडतं. खरी कसोटी दोघांनी मिळून विमान चालवण्याची. एक जण उडवतो, दुसरा ऑटोपायलटच्या मोडवर नजर ठेवतो, फरक दिसला की मोठ्याने बोलतो. १००० फुटांवर, ढग नसतील तर ५०० फुटांवर, अप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) स्थिर नसेल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. तिथे हुद्द्याचा प्रश्न येत नाही. कोझिकोडचा एअर इंडिया एक्स्प्रेसचा अपघात आठवा, ७ ऑगस्ट २०२०. माजी हवाई दल अधिकारी कॅप्टन, को-पायलटने 'गो अराउंड' म्हटलं, तरी विमान जवळपास अर्ध्या धावपट्टीवर टेकलं. २१ जण गेले.

लोहगावकर:
हे उदाहरण इथे चिकटवणं अन्यायाचं आहे. त्या कॅप्टनच्या नावावर बोइंग ७३७चे हजारो तास होते. तपास अहवालात बंद पडलेला वायपर आहे, शेपटीकडचा वारा आहे, दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीसाठी तिथेच परतण्याची ओढ आहे आणि कंपनीच्या व्यवस्थेतल्या त्रुटीही आहेत. गणवेशाला दोष कुठे दिलाय?

कोथरूड३८:
गणवेशाला मीही देत नाही. कॉकपिटमधल्या उतरंडीचा मुद्दा मात्र अहवालातलाच आहे. स्क्वाड्रनमध्ये वर्षानुवर्षं ज्याचं बोलणं कुणी खोडलं नाही, त्याने कनिष्ठाचं ऐकायची सवय उजव्या खुर्चीत लावून घ्यावी, एवढंच.

मगरपट्टा:
एएन-३२, सी-१३०, सी-१७ या मालवाहू विमानांच्या वैमानिकांना या गटात का ओढताय? त्यांचा दोन वैमानिकांचा सराव आधीपासूनच आहे. सगळ्या फौजी पायलटांना एका मापाने मोजू नका. हेलिकॉप्टरवाल्यांचं गणित आणखी वेगळं. त्यांचे तास विमानाच्या एटीपीएलला जसेच्या तसे धरत नाहीत. त्यांनी आधी हेलिकॉप्टरचीच एटीपीएल काढून जुहूहून मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राला जाणाऱ्या उड्डाणांकडे पाहावं.

खडकीचा काका:
बरोबर. आणि डावी खुर्ची गुणांबरोबर सिनिऑरिटी नंबरवरही (कंपनीच्या ज्येष्ठता यादीतल्या क्रमांकावर) ठरते, हे धरा. ४२व्या वर्षी बाहेर पडलेल्याला ६५पर्यंत २३ वर्षं मिळतात. त्यामुळे घाई डाव्या खुर्चीची नको, यादीत नाव लागण्याची करा. वैमानिकाची क्लास वन वैद्यकीय तपासणी, आरटीआर (रेडिओ वापरण्याचा परवाना), इंग्रजी बोलण्याच्या चाचणीत किमान लेव्हल ४, हवाई नियमांच्या (रेग्युलेशन्स) पेपरात ७० टक्के, हे सगळं निवृत्तीच्या तारखेआधी. त्या पेपरात भलेभले आपटतात, कारण अनुभवाने उत्तर देतात, पुस्तकाने नाही.

लोहगावकर:
मग निकष लेखी करा की. दोन वैमानिकांच्या कॉकपिटमधले अमुक तास, अमुक सेक्टर (उड्डाणं), सिम्युलेटरवर अमुक तपासण्या. पूर्ण केल्या की अपग्रेडची मुलाखत. मीटर-फुटाच्या नावाखाली सरसकट थांबवून ठेवू नका.